ज्या स्टेडियमखाली अणुभट्टी पेटली त्या स्टॅगसाहेबांबद्दल बोलूया का?

माया_नेपरविल

बाबा सध्या आमच्याकडे आलेत, सहा महिने मुक्काम आहे. सांगलीकडच्या एका शाळेत पस्तीस वर्षं पीटीचे सर होते, कबड्डी-खोखोच्या टीमा घेऊन एसटीने जिल्हाभर फिरलेत, त्यामुळे म्युझियम वगैरे दाखवायला नेलं की दहाव्या मिनिटाला जांभया सुरू. गेल्या रविवारी त्यांना युनिव्हर्सिटी ऑफ शिकागोत नेलं. तिथे एलिस अव्हेन्यूवर ५६ आणि ५७व्या स्ट्रीटच्या मध्ये हेन्री मूरचं ब्रॉन्झचं शिल्प आहे, एका बाजूने बघितलं तर कवटी वाटते आणि दुसऱ्या बाजूने अणुबॉम्बचा ढग. मी आपली गाईडच्या थाटात सांगायला लागले की बाबा, २ डिसेंबर १९४२ ला एन्रिको फर्मी आणि मंडळींनी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया इथेच घडवली. बाबा म्हणाले इथे म्हणजे कुठे, लॅब कुठेय? म्हटलं लॅब नव्हती, फुटबॉल स्टेडियम होतं, त्याच्या पश्चिमेकडच्या स्टँडखाली एक बंद रॅकेट्स कोर्ट (स्क्वॉशसारख्या खेळाचं) होतं तिथे ग्राफाइटच्या विटा रचल्या. "मग स्टेडियम कोणाच्या नावाचं?" स्टॅग फील्ड. "आणि हा स्टॅग कोण?"

झालं. फर्मी तिथेच राहिला. घरी येईपर्यंत गाडीत स्टॅग, जेवताना स्टॅग, आणि गेले आठ दिवस मी रोज रात्री काहीतरी वाचून त्यांना मराठीत सांगतेय. म्हटलं एवढं वाचलंच आहे तर इथेही टाकावं. इथे फुटबॉल म्हणजे तो अंड्याच्या आकाराच्या बॉलचा, हातात घेऊन पळतात तो, आधीच सांगितलेलं बरं.

तर एमॉस अलोंझो स्टॅग. जन्म १६ ऑगस्ट १८६२, न्यू जर्सीतलं वेस्ट ऑरेंज. वडील चांभारकाम करायचे, घरी पैशाची बोंब. शिकायची हौस म्हणून आधी एक्झिटरच्या शाळेत गेला, तिथे बिनशेगडीच्या माळ्यावर राहून शिळा ब्रेड आणि बिस्किटांवर दिवस काढले, मग येलला. व्हायचं होतं पाद्री. पण येलमध्ये तो आधी गाजला बेसबॉलचा पिचर म्हणजे बॉल टाकणारा म्हणून, व्यावसायिक क्लब पैसे घेऊन मागे लागले होते आणि याने सगळ्यांना नाही म्हणून सांगितलं, पैशासाठी खेळायचं नाही म्हणजे नाही. फुटबॉलमध्ये तो एंडला खेळायचा, म्हणजे लाईनच्या टोकाला, आणि अंगकाठी म्हणाल तर जेमतेम साडेपाच फूट. १८८८ चा येलचा संघ १३ सामने खेळला आणि १३ जिंकला, आणि एकूण स्कोअर ६९८-०. हो, शून्य. अख्ख्या सीझनमध्ये कोणी एक पॉइंट काढला नाही यांच्याविरुद्ध. १८८९ ला देशातली पहिली ऑल अमेरिका टीम, म्हणजे देशभरातल्या सर्वोत्तम खेळाडूंची, निवडली गेली त्यात अकरा जणांत स्टॅग.

पाद्री व्हायचं मात्र राहिलं. लोकांसमोर उभा राहिला की धड बोलता यायचं नाही, त्यालाच वाटलं की प्रवचन आपल्याच्याने होणार नाही, मैदानावर पोरांना वळण लावता येईल. १८९० ला मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला वायएमसीएच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये गेला आणि तिथून कोच म्हणून जी सुरुवात झाली ती सत्तर वर्षं चालली. सत्तर!! पुढचं प्रतिसादात लिहिते, बाबांची चहाची वेळ झाली.


पाचपोर

वाचतोय. ६९८-० हे वाचून चहा सांडला.


खडूस काका

हाताने खेळतात त्याला फूटबॉल म्हणणाऱ्या देशाचं काय सांगायचं. असो. लिहा तुम्ही, वाचतो. पण एक विचारतो, पैसे नाकारले म्हणजे लगेच संत का? कॉलेजमध्ये शिकणाऱ्याला फी कोण देत होतं?


टचडाऊन तात्या

माया ताई, मस्त विषय काढलात. मी ओहायोत वीस वर्षं आहे, शनिवारी आमच्याकडे देवपूजेआधी कॉलेज फुटबॉल लागतं, बायको वैतागलीये. त्या काळचा खेळ समजल्याशिवाय या माणसाचं मोठेपण कळणार नाही म्हणून थोडं सांगतो. १८८८ साली फॉरवर्ड पास नव्हताच. म्हणजे बॉल पुढे फेकायलाच बंदी, घेऊन पळायचं नाहीतर लाथेने उडवायचा. तीन प्रयत्नात पाच यार्ड काढले की बॉल तुमच्याकडे राहणार. टचडाऊनला, म्हणजे बॉल समोरच्यांच्या गोललाईनपलीकडे नेला की, चार पॉइंट होते, सहा नाही, सहा झाले १९१२ ला. डोक्यावर हेल्मेट नाही. पोरं एकमेकांचे हात धरून, पट्टे धरून गठ्ठा करून समोरच्यावर तुटून पडायची. आपल्याकडच्या दहीहंडीचा सगळ्यात खालचा थर जर समोरून दुसऱ्या मंडळाच्या थरावर सोडला तर काय होईल, तसं. पोरं मरायची हो. १९०५ च्या एका सीझनला पेपरवाल्यांनी मोजलेला आकडा १८-१९ मृत्यूंचा आहे, तेव्हा प्रेसिडेंट रुझवेल्टने हार्वर्ड येल प्रिन्स्टनवाल्यांना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून समज दिली आणि १९०६ पासून पुढे पास फेकायला परवानगी मिळाली. स्टॅग नियम समितीवर होता. त्याच्यासारखे मेंदूवाले कोच त्या नव्या नियमाची वाटच बघत होते. १९०६ ला त्याच्या शिकागोने इलिनॉयला ६३-० चोपलं.

काका, फी वगैरे: गरीब होता, कष्ट करून शिकला, एवढं मान्य करा की :)


माया_नेपरविल

तात्या धन्यवाद, दहीहंडीचं बाबांना वाचून दाखवलं, पोट धरून हसले.

स्प्रिंगफील्डचं सांगते. तिथे त्याच्या फुटबॉल टीममध्ये सेंटरला, म्हणजे लाईनच्या मधोमध, खेळायचा जेम्स नेस्मिथ. तोच, ज्याने डिसेंबर १८९१ ला बास्केटबॉल शोधला. नेस्मिथने एकदा स्टॅगला विचारलं, बाबा रे मला सेंटरलाच का ठेवतोस? स्टॅग म्हणाला, सगळ्यात वाईट गोष्टी तू सगळ्यात सभ्यपणे करू शकतोस म्हणून. ही आठवण नेस्मिथचीच आहे. पुढे ११ मार्च १८९२ ला बास्केटबॉलचा पहिला जाहीर सामना झाला, शिक्षक विरुद्ध विद्यार्थी, विद्यार्थी ५-१ जिंकले. शिक्षकांचा तो एकुलता एक गोल स्टॅगचा. येलचा निळा ड्रेस घालून उतरला होता आणि फुटबॉलची सवय जाईना, जो समोर येईल त्याला ढकलतोय, फाउलवर फाउल, आणि हे सगळं दुसऱ्या दिवशी गावच्या पेपरात आलं. बाबांचं मत: "आमच्या शाळेच्या गॅदरिंगला सर लोकांचा रस्सीखेच असायचा, अगदी असंच व्हायचं, हेडसरच सगळ्यात जास्त चिटिंग करायचे."

१८९२ लाच शिकागोला रॉकफेलरच्या पैशातून नवीन युनिव्हर्सिटी उभी राहात होती. तिचे प्रेसिडेंट विल्यम रेनी हार्पर, हे येलमध्ये स्टॅगला बायबल शिकवणारे प्रोफेसर. त्यांनी स्टॅगला बोलावलं. सांगतात की आधी १५०० डॉलर म्हणाले, स्टॅग गप्प. मग २००० म्हणाले, हा गप्प. मग २५०० आणि असोसिएट प्रोफेसरची कायमची नोकरी. हा गप्प बसून विचार करत होता आणि हार्परना वाटलं घासाघीस करतोय! भाजीवाल्यासमोर गप्प उभं राहायचं तंत्र माझ्या आईलाही येत होतं पण तिला २५०० नाही मिळाले कधी.

पण यातली मोठी गोष्ट पगार नाही. खेळाच्या माणसाला प्रोफेसरचा दर्जा आणि कायमची नोकरी, हे अमेरिकेत कुठे नव्हतं. बाबा इथे एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "पस्तीस वर्षांत मला स्टाफरूममध्ये कोपऱ्यातली खुर्ची होती. गणिताचे सर आजारी पडले की माझा तास त्यांच्या नावावर, परत कधी मिळायचा नाही." मी काय बोलणार.


निमा

शेवटचं वाचून पोटात तुटलं. पीटीच्या तासाला 'आज गणित घेऊ' म्हणणारे सर सगळ्या शाळांत होते.


अनामिक डोके

+१. आमच्याकडे पीटीचे सर म्हणजे पंधरा ऑगस्टची कवायत, सहलीची बस आणि मार देणे.


खडूस काका

बाबांना नमस्कार सांगा. बाकी खेळाडू-प्रोफेसर आपल्याकडेही होते. दि. ब. देवधर, पुण्याच्या एस.पी. कॉलेजात संस्कृत शिकवायचे आणि १९२६ ला एमसीसीच्या बोलर्सना १४८ रन ठोकले. एक्केचाळीसच्या रणजीला महाराष्ट्राचे कॅप्टन, वय पन्नाशीला टेकलेलं, विजेतेपद घेऊन आले. आणि गेले कधी, १९९३ ला, वयाच्या १०१व्या वर्षी. तुमचे हे साहेब किती जगले?


माया_नेपरविल

काका, १०२. एका वर्षाने हरलात :)


टचडाऊन तात्या

पण काका देवधरांना नोकरी संस्कृतची होती, क्रिकेटची नव्हे. तोच तर फरक आहे.

शिकागोतला काळ मी सांगतो कारण माझी आवडती मॅच त्यातलीच आहे. १८९२ ते १९३२, एक्केचाळीस सीझन एकाच ठिकाणी. पहिल्या वर्षी माणसंच कमी म्हणून कोचसाहेब स्वतः टीममध्ये खेळले. १८९४ च्या नाताळात टीम घेऊन रेल्वेने पार कॅलिफोर्नियाला गेला आणि सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅनफर्डला २४-४ हरवलं, त्या काळात कॉलेजची टीम अर्धा देश ओलांडून खेळायला जाते हे ऐकूनच लोक वेडे व्हायचे. वेस्टर्न कॉन्फरन्स म्हणजे आजची बिग टेन, कॉलेजांची लीग, ती त्याने सात वेळा जिंकली.

आणि ती मॅच. ३० नोव्हेंबर १९०५, थँक्सगिव्हिंग, शिकागो विरुद्ध मिशिगन. मिशिगनचा कोच फील्डिंग योस्ट, तोंडाने बडबड्या, स्टॅगच्या अगदी उलटा. त्याची टीम १९०१ पासून ५६ सामने हरली नव्हती, एक बरोबरी सोडली तर सगळे जिंकलेले. १९०१ ला तर त्यांनी समोरच्यांना ५५०-० केलं होतं. पंचवीस हजारांवर लोक, कडाक्याची थंडी, आणि दोन्ही टीमा एकमेकींना हलू देईनात. शिकागोचा क्वार्टरबॅक (टीमच्या चाली चालवणारा खेळाडू) वॉल्टर एकरसॉल, लाथेने बॉल मारण्यात देशात एक नंबर. दुसऱ्या हाफमध्ये त्याने असा लांब पंट मारला की बॉल मिशिगनच्या गोललाईनपलीकडे गेला. मिशिगनच्या डेनी क्लार्कने तो उचलून तिथेच खाली टेकवायचा तर पळत बाहेर काढायला गेला, लाईनच्या बाहेर आला पण, आणि शिकागोच्या दोघांनी त्याला उचलून मागे ढकलला. सेफ्टी, म्हणजे स्वतःच्याच गोललाईनमागे पकडला गेला. समोरच्याला दोन पॉइंट. मॅच संपली २-०. अख्ख्या सामन्यात एवढंच. साडेचार-पाच वर्षांची अपराजित मालिका एका माणसाच्या दोन पावलांनी तुटली. हार्पर तेव्हा कॅन्सरने अंथरुणाला खिळलेले, पुढच्या जानेवारीत गेले.

मी अजून कुठल्याही बोरिंग लो स्कोअरिंग मॅचला हीच मॅच आठवतो.


पाचपोर

२-० ला भारी म्हणणारे तुम्ही पहिलेच. पण वर्णन जबरी. त्या क्लार्कचं वाईट वाटलं.


प्रा. उपद्व्यापी

सगळं छान चाललंय, आता थोडा मिठाचा खडा टाकतो, नेहमीचंच काम आहे आपलं.

पैशासाठी खेळायचं नाही, खेळ चारित्र्य घडवायला, वगैरे सगळं ठीक. पण कॉलेज फुटबॉलचा बाजार ज्यांनी उभा केला त्यात हा माणूस अगदी पुढे होता. स्टेडियम वाढवत नेलं, तिकिटं, गर्दी, पेपरात नाव, नवीन युनिव्हर्सिटीला जाहिरात हवी होती आणि फुटबॉलपेक्षा स्वस्त जाहिरात नव्हती, हार्परना हे पक्कं माहीत होतं. शाळेतल्या पोरांच्या अॅथलेटिक्स स्पर्धा युनिव्हर्सिटीत भरवायचे, कशाला, तर चांगली पोरं हेरायला. तात्यांचा तो एकरसॉल, अभ्यासात कच्चा, डिग्री न घेताच बाहेर पडला. १९०५ लाच एका मोठ्या साप्ताहिकाने 'फुटबॉलचे विजय विकत घेतले जातात' अशी लेखमाला छापली त्यात शिकागोचं आणि एकरसॉलचं नाव होतं. आणि हेच स्टॅगसाहेब १९२३ ला पत्रक काढून म्हणतात की रविवारचं व्यावसायिक फुटबॉल हा कॉलेजच्या खेळाला धोका आहे. पोरांना पैसे देणं पाप, पोरांच्या जिवावर युनिव्हर्सिटीने कमावणं पुण्य?


खडूस काका

प्रोफेसर, पहिल्यांदा तुमच्याशी सहमत होतोय, तारीख लिहून ठेवा.


टचडाऊन तात्या

उपद्व्यापी सर, मुद्दा चूक नाही. पण त्याने स्वतःच्या खिशात काय टाकलं? जाहिरातीत कमावण्यासारखं नाव होतं, नाही कमावलं. सिगारेट नाही, दारू नाही, शिवी नाही. पोरांवर फारच भडकला तर 'जॅकॅस' म्हणायचा, म्हणजे गाढव. त्याहून भडकला तर 'डबल जॅकॅस'. बस, शब्दकोश संपला. ढोंगी माणूस एवढी वर्षं ढोंग नाही करू शकत.


प्रा. उपद्व्यापी

ढोंगी म्हणालोच नाही मी. प्रामाणिक माणसाने प्रामाणिकपणे बांधलेलं दुकान म्हणतोय. आपल्याकडच्या कितीतरी शिक्षणसंस्थांचं तेच झालंय की, काढणारा धोतर नेसून सायकलवर फिरायचा आणि आज डोनेशनचे आकडे बघा. स्टॅगचा दोष असा की दुकान आहे हे त्याला शेवटपर्यंत दिसलं नाही.


निमा

हे जाम पटलं. बरं कोणीतरी त्यांच्या बायकोबद्दल सांगा ना, असले सत्तर वर्षं कोचिंग करणारे नवरे घरी किती असायचे.


माया_नेपरविल

निमा, मला हेच लिहायचं होतं! बायकोचं नाव स्टेला, १८९४ ला लग्न. ती घरी नव्हतीच बसलेली, ती स्टँडमध्ये कागद-पेन्सिल घेऊन बसायची, कोण कुठे पळालं, कुठल्या प्लेला म्हणजे चालीला किती यार्ड निघाले हे सगळं आकृत्या काढून टिपायची, समोरच्या टीमच्या मॅच बघून येऊन नवऱ्याला सांगायची. आजच्या भाषेत अॅनालिस्ट. सत्तर वर्षांचा संसार झाला, ती १९६४ ला गेली आणि हे १७ मार्च १९६५ ला. बाबांना सांगितलं तर म्हणाले, तुझ्या आईने पण माझ्या टीमचे शर्ट धुतले, नंबर शिवले, ते कोणी लिहिलं नाही.

नंबरावरून आठवलं, खेळाडूंच्या पाठीवर नंबर, हडल, टॅकल म्हणजे समोरच्याला धरून पाडणं शिकवायचा पुतळा, बेसबॉलचा बॅटिंग केज म्हणजे सरावाचा जाळीचा पिंजरा, बॉल हातात यायच्या आधीच पळायला लागणारा मॅन इन मोशन, हे सगळं स्टॅगच्या नावावर सांगतात.


शब्दहीन

माया, हडलवर थांबते. मी पुण्यात कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते, त्यामुळे ही गोष्ट आमच्या वर्गात दरवर्षी होते. हडल म्हणजे खेळाडू डोकी जवळ आणून गोल करून उभे राहतात ते. वॉशिंग्टनला गॅलॉडेट म्हणून कर्णबधिर विद्यार्थ्यांचं कॉलेज आहे. १८९० च्या दशकात तिथला क्वार्टरबॅक पॉल हबर्ड. ते खुणांच्या भाषेत प्ले ठरवायचे, पण समोर पण कर्णबधिरांचीच टीम असली की सगळं उघड, त्यांना आपल्या खुणा वाचता येतात ना. म्हणून हबर्डने सगळ्यांना जवळ बोलावून गोल केला, आत हात हलले तर बाहेरून दिसणार नाहीत. माझी पोरं हे ऐकताना इतकी खूष होतात, लगेच मधल्या सुट्टीत गोल करून उभी, आत कोणाच्या डब्यात काय आहे ते ठरतं. त्यामुळे हडल तुमच्या साहेबांना देऊ नका प्लीज.


टचडाऊन तात्या

मान्य, हडल हबर्डचा. फॉरवर्ड पासचंही तेच, दहा जण दावा करतात. पण एवढ्या गोष्टींच्या दावेदारांत दर वेळी एक नाव तेच असतं, यातच आलं.


माया_नेपरविल

शब्दहीन, डब्याचं वाचून खूप छान वाटलं. हडल काढला यादीतून.

आता शेवटचा भाग, जो मला सगळ्यात लागला. १९३२ चा सीझन झाला, वय सत्तर, आणि युनिव्हर्सिटीने नियम दाखवून निवृत्त केलं. नवीन प्रेसिडेंट हचिन्स यांना फुटबॉलचं काही कौतुक नव्हतं. दुसरं कुठलं तरी मानाचं पद देऊ केलं तर हा म्हणाला मी कोच आहे, मला कोचिंगच करायचंय, आणि सत्तराव्या वर्षी बाडबिस्तरा घेऊन कॅलिफोर्नियात स्टॉकटनला गेला, कॉलेज ऑफ द पॅसिफिक, छोटंसं कॉलेज. आणि १९३८ ला ती टीम घेऊन परत शिकागोत आला. स्टॅग फील्डवर. स्वतःच्या नावाच्या मैदानावर पाहुण्यांच्या बाकावर बसला आणि शिकागोला ३२-० हरवून गेला.

पुढच्याच वर्षी शिकागो मिशिगनकडून ८५-० हरली, हार्वर्डकडून ६१-०, ओहायो स्टेटकडून ६१-०, आणि १९३९ संपता संपता हचिन्सनी फुटबॉलच बंद केलं. म्हणून तर तीन वर्षांनी ते स्टेडियम रिकामं होतं आणि फर्मीला स्टँडखाली जागा मिळाली. बाबांना हे कळल्यावर म्हणाले, म्हणजे टीम असती तर बॉम्ब झाला नसता? म्हटलं बाबा दुसरीकडे झाला असता. पण त्यांना ती थिअरी आवडलीये, आता फोनवर सगळ्यांना तीच सांगतात.


प्रा. उपद्व्यापी

३२-० हे मला माहीत नव्हतं. तो दिवस कसा गेला असेल त्या माणसाचा.


स्टॉकटनकर चिंतू

उशिरा आलो धाग्यावर. मी स्टॉकटनजवळ ट्रक डिस्पॅचचं काम करतो, सकाळी त्या भागातून जातो. इथे एक एमॉस अलोंझो स्टॅग हायस्कूल आहे. तुमच्या शिकागोकडे पॅलोस हिल्सला पण याच नावाचं आहे. पॅसिफिकचं स्टॅग स्टेडियम पण होतं पण युनिव्हर्सिटीने १९९५ नंतर फुटबॉल बंद केलं आणि पुढे स्टेडियमही पाडलं. म्हणजे साहेबांची दोन्ही मैदानं गेली, शिकागोचं पण आणि इथलं पण.

इथलं राहिलेलं सांगतो. १९४३ ला, युद्ध चालू, टीममध्ये नेव्हीची ट्रेनिंगला आलेली पोरं, आणि साहेबांचं वय ८१. त्या वर्षी देशभरच्या कोच लोकांनी त्यांना कोच ऑफ द इयर निवडलं. १९४६ नंतर इथूनही आता पुरे म्हणून सांगितलं, ८४ वय होतं, तर गेले पेन्सिल्व्हेनियात सस्क्वेहॅना युनिव्हर्सिटीला, तिथे मुलगा एमॉस ज्युनियर हेड कोच होता, त्याच्याबरोबर सहा सीझन. मुलाच्या हाताखाली का मुलगा यांच्या हाताखाली ते देव जाणे, पण १९५१ ला त्यांची टीम एकही मॅच हरली नाही. मग बायकोची तब्येत बरी नाही म्हणून परत स्टॉकटन, आणि इथल्या ज्युनियर कॉलेजात पोरांना किक मारायला शिकवायचे. नव्वदी ओलांडलेला माणूस!! १९६० ला पत्र लिहून कळवलं की सत्तर वर्षं कोचिंग केलं, आता ९८ वय आहे, थांबायला ही वेळ बरी दिसते.


पाचपोर

"थांबायला ही वेळ बरी दिसते" 😂 हे मी माझ्या राजीनाम्यात लिहिणार.


अनामिक डोके

रेकॉर्ड किती होतं शेवटी?


टचडाऊन तात्या

३१४ विजय धरले जायचे. ते मोडलं अलाबामाच्या बेअर ब्रायंटने, २८ नोव्हेंबर १९८१ ला ऑबर्नला २८-१७ हरवून, ३१५वा. स्टॅगचा शेवटचा विजय आणि ही मॅच यात पस्तीसेक वर्षं गेली. शिवाय १९५१ ला कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेम सुरू झालं तेव्हा खेळाडू म्हणून पण घेतलं आणि कोच म्हणून पण, दोन्हीकडे. आणि १९५९ ला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, ते वेगळंच. आता छोट्या कॉलेजांची म्हणजे डिव्हिजन थ्रीची फायनल असते तिला स्टॅग बोल म्हणतात, १९७३ पासून. तिथे स्कॉलरशिप नसते खेळाची, पोरं नुसती खेळतात. उपद्व्यापी सर, निदान त्या एका मॅचला नाव शोभतं की नाही?


प्रा. उपद्व्यापी

शोभतं. एवढं देतो.


खडूस काका

मी पण देतो. पण बॉल हातात घेऊन पळतात तोवर फूटबॉल म्हणणार नाही.


निमा

काका 🙏

माया, बाबा काय म्हणाले शेवटी सगळं ऐकून?


माया_नेपरविल

निमा, बाबांचं घोडं टॅकलच्या पुतळ्यावर अडलंय. येलला असताना स्टॅगने १८८९ च्या सुमारास एक गादी गुंडाळून बांधली आणि टांगली, पोरांना टॅकल मारायच्या सरावाला, तोच म्हणे पहिला टॅकलिंग डमी. हे ऐकल्यावर बाबा उठून बसले. कारण १९८४ ला की ८५ ला त्यांनी शाळेच्या स्टोअररूममधली कवायतीची फाटकी गादी सुतळीने गुंडाळून चिंचेच्या फांदीला टांगली होती, कबड्डीच्या पोरांना कमरेखाली पकड मारायची भीती जावी म्हणून. मला आठवते ती गादी, कापूस बाहेर आलेला, पावसात भिजली की चार दिवस कुबट वास, आणि तिला पोरांनी समोरच्या शाळेच्या कॅप्टनचं नाव ठेवलेलं, रोज त्याला बडवायचे. हेडसरांनी बाबांना त्यावरून मेमो दिला होता, शाळेच्या मालमत्तेचे नुकसान म्हणून. तो मेमो अजून आहे त्यांच्याकडे, फाइलमध्ये.

आता काल रात्री इथून, आमच्या साडेदहाला, शाळेतल्या सध्याच्या पीटीच्या सरांना फोन लावला. मी मधल्या खोलीतून ऐकत होते. हवापाणी झालं, स्टॅगचं अर्धं चरित्र सांगून झालं, आणि मग म्हणाले, "ते सगळं जाऊद्या, स्टोअररूममध्ये मागच्या कपाटाशेजारी एक गुंडाळलेली गादी असेल, बघता का जरा? भंगारात देऊ नका. मी फेब्रुवारीत येतोय."